वळ न उठवणारा छळ

कोणी कोठडीतून सुटून आला की नातलग आधी विचारतात, "मारलं तर नाही ना?" 'नाही' म्हटले की सगळ्यांना हायसे वाटते.

तुर्की मनोविकारतज्ज्ञ मेतिन बाशोग्लू आणि सहकाऱ्यांनी युगोस्लाव्हियाच्या युद्धांत छळ सोसलेल्या २७९ जणांना सारायेवो, बेलग्रेड अशा शहरांत गाठले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की डोळ्यांवर पट्टी, विवस्त्र करणे, घरच्यांना मारण्याची धमकी, तासन्‌तास उभे ठेवणे यांचा त्रास मारहाणीइतकाच होता. आपल्या हाती काहीच उरले नाही, ही लाचारीच पुढे दुःस्वप्ने आणि दचकणे बनून घरी येते.

सहीह मुस्लिममधली हिशाम बिन हकीम (रजि.) यांची रिवायत इथे आठवते. शाममध्ये करासाठी शेतकऱ्यांना उन्हात उभे केलेले पाहून त्यांनी हाकिमाला नबी (सल्ल.) यांचा इशारा ऐकवला, आणि ते लोक सुटले. रिवायतीत चाबूक नाही. ऊनच पुरेसे होते.

अशा माणसाला घरात "सब्र करा, विसरून जा" एवढेच सांगितले जाते. बाशोग्लूंच्या उपचारात उलट, ज्याची दहशत बसली त्याच्याकडे माणूस स्वतःच्या मर्जीने पुन्हा जातो. मग ते बंद दार असो, नाहीतर खाकी वर्दी.