अंध मूल सुट्टीत घरी आलंय? बीडच्या पालकांनी या दीड महिन्यात काय करावं, सोप्या भाषेत

बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात दोन प्रकारची माणसं गावी परततात. एक म्हणजे ऊसतोड कामगार. दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले कोयते कारखान्यांचा हंगाम संपला की घरी येतात. दुसरी म्हणजे निवासी शाळेत राहून शिकणारी मुलं. त्यात अंध मुलंही असतात. अंधांच्या विशेष शाळा गावोगावी नाहीत, त्यामुळे खेड्यातलं मूल बहुतेक वेळा दूरच्या शहरात वसतिगृहात राहून शिकतं.

म्हणजेच बीडच्या अनेक घरांत आई-बाप आणि अंध मूल एका छताखाली सलग राहतात ते फक्त उन्हाळ्यात. जूनच्या मध्यात शाळा उघडते आणि पुन्हा ताटातूट होते.

या दीड महिन्यात बहुतेक घरांत काय होतं? लेकरू कधी नव्हे ते घरी आलंय म्हणून त्याला जागेवर ताट मिळतं, पाणी मिळतं, आंघोळीला कुणीतरी हात धरून नेतं. 'पडेल, लागेल, भाजेल' म्हणून त्याला बाजेवर बसवून ठेवलं जातं. यामागे माया असते हे खरंच. पण शाळेत स्वतःचे कपडे स्वतः धुणारं मूल घरी येऊन पाहुणा होतं.

मग काय करावं? त्यासाठी लागतं काय? आणि सरकारी मदत कुठं मिळते? एकेक करून समजून घेऊया.

आधी हे समजून घ्या: अंध मूल शिकतं कसं?

डोळस मूल अर्ध्याहून जास्त गोष्टी न शिकवता शिकतं. आई भाकरी थापते, बाप विहिरीतून पाणी काढतो, शेजारची ताई सायकल चालवते, हे सगळं ते नुसतं बघत असतं. कुणी मुद्दाम शिकवत नाही.

अंध मुलाला हे फुकटचं शिक्षण मिळत नाही. त्याला भाकरी मिळते ती ताटात, तयार. त्याआधी ज्वारी होती, ती दळली, पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं, हे त्याच्या हाताखालून गेलं नाही तर त्याच्यासाठी ते घडलेलंच नसतं. म्हणून जगभरात अंध मुलांच्या शिक्षणात वाचन-गणिताच्या जोडीनं स्वतःचं काम स्वतः करणं, एकट्यानं चालणं-फिरणं, लोकांशी बोलणं-वागणं हेही 'विषय' मानले जातात. आणि हे विषय शिकायला घरासारखी दुसरी शाळा नाही.

मूल पूर्ण अंध आहे की अल्पदृष्टी?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, चष्मा वगैरे लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल तर ती व्यक्ती अंध मानली जाते. म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसणारी गोष्ट तिला ३ मीटरवरूनही दिसत नाही. कायद्यानं अंध असलेल्या अनेकांना उजेड, सावली किंवा ठळक रंग कळतात.

मुलाला थोडंही दिसत असेल तर त्याचा वापर करा. पांढरा भात गडद ताटात वाढा. उंबऱ्यावर आणि पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा. मुलाला खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे डोळ्यांवर झळ येत नाही.

सुट्टीत एकदा डोळ्यांची तपासणीही करून घ्या. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्यातली दोन मोठी ठिकाणं. 'आता काय उपयोग' म्हणून अनेक घरांत वर्षानुवर्षं तपासणी होत नाही.

घरात काय काय करता येईल?

यासाठी वेगळा खर्च नाही. उन्हाळ्यात घरात जे चालू असतं, त्यातच मुलाला घ्यायचं.

उन्हाळकाम: कुरडया, पापड, शेवया हे सगळं हातानं ओळखण्याचं काम आहे. चीक गार झाल्यावर बोटांना कसा लागतो, पापड किती पातळ झाला, वाळलेली कुरडई कशी वाजते, हे मुलाला करू द्या. पहिल्या दिवशी पापड वाकडे होतील. होऊ द्या.

निवडणं-सोलणं: ज्वारीतले खडे, शेंगांची टरफलं, लसूण, चिंचा. बोटं जितकी तयार होतात तितकं पुढं ब्रेल वाचणं सोपं जातं.

पाणी ओतणं: पेल्याच्या काठावर आतून एक बोट ठेवायचं. पाणी बोटाला लागलं की थांबायचं. आधी गार पाण्यावर सराव. गरम चहाची घाई नको.

ताट: कोणता पदार्थ कुठं आहे हे रोज एकाच पद्धतीनं सांगा. 'भाकरी तुझ्याकडच्या बाजूला, भाजी पलीकडं, चटणी डावीकडं.' मग भरवायची गरज उरत नाही.

वस्तूंची जागा: माठ, चप्पल, बादली रोज त्याच जागी हवी. खुर्ची किंवा बाज हलवली तर तसं बोलून सांगा. दार अर्धवट उघडं ठेवू नका, डोक्याला लागतं ते त्यानंच.

आणि हो, 'बघ', 'दिसलं का' हे शब्द टाळायची गरज नाही. अंध माणसंही 'काल मॅच बघितली' असंच म्हणतात.

बाहेर कसं फिरवायचं?

सर्वात जास्त चूक इथंच होते. घरचे मुलाचा हात धरून ओढतात किंवा पाठीमागून ढकलत नेतात. बरोबर पद्धत उलटी आहे. मुलानं तुमचा हात कोपराच्या वर धरायचा. लहान असेल तर मनगट. तुम्ही अर्धं पाऊल पुढं चालायचं. तुमचं शरीर वर-खाली झालं की पायरी आली हे त्याला आपोआप कळतं.

मुलाकडे पांढरी काठी असेल तर ती सुट्टीत कोपऱ्यात पडू देऊ नका. 'लोक काय म्हणतील' म्हणून अनेक घरांत काठी लपवली जाते. काठीची सवय दीड महिना सुटली तर जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रोज सकाळी ऊन चढायच्या आत एकच रस्ता ठरवा. घर ते किराणा दुकान, किंवा घर ते मंदिर. पहिला आठवडा सोबत चाला आणि खुणा सांगा. इथं पिठाच्या गिरणीचा आवाज येतो, इथं लिंबाची सावली लागते, इथून पुढं पायाखाली सिमेंट. दुसऱ्या आठवड्यात चार पावलं मागं राहा. बघत राहा, पण बोलू नका.

गावातल्या धोक्याच्या जागा मात्र मुलाला सोबत नेऊन, स्वतःच्या पायांनी दाखवा. उघडी विहीर, शेततळं, डीपी, बैल बांधायची जागा. 'तिकडं जाऊ नको' एवढं सांगून 'तिकडं' म्हणजे कुठं हे त्याला कळत नाही.

बाजारात न्या, पैसे त्याच्या हातात द्या

आठवडी बाजार ही उत्तम शाळा आहे. २०१९ मध्ये सरकारनं अंध व्यक्तींना ओळखायला सोपी जावीत अशी नाणी आणली. त्यातलं २० रुपयांचं नाणं बारा कडांचं आहे.

महात्मा गांधी नव्या मालिकेतल्या नोटांच्या कडेलाही उठावदार रेषा असतात. १०० च्या नोटेवर ४, ५०० च्या नोटेवर ५. २०० च्या नोटेवर ४ रेषा आणि मध्ये दोन वर्तुळं. नोट जुनी झाली की हा उठाव झिजतो. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे मोफत ॲप आहे, जे २०२० मध्ये आलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ती किती रुपयांची ते ॲप बोलून सांगतं. एकदा डाउनलोड केलं की इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही.

अंड्यांच्या ट्रेमधून ब्रेल

ब्रेलचं एक अक्षर म्हणजे सहा ठिपक्यांची चौकट. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. अंड्यांच्या ट्रेमधून सहा खळ्यांचा तुकडा कापला की तीच चौकट तयार. ठिपक्यांच्या जागी लिंबं ठेवायची.

भारतीय भाषांसाठी १९५१ पासून 'भारती ब्रेल' वापरात आहे. त्यात आ म्हणजे ३-४-५ आणि ई म्हणजे ३-५. ही दोन अक्षरं लागोपाठ मांडली की 'आई' तयार होतं. ब म्हणजे १-२. आता 'बाबा' कसं मांडायचं ते मुलालाच विचारा.

कारण इथं गुरू मूल आहे. ज्या आई-बापांना शाळा फारशी मिळाली नाही, त्यांनाही सहा ठिपके शिकता येतात. आणि घरात एकाला जरी ब्रेल आलं, तरी डब्यांवर, वह्यांवर, कपड्यांच्या कप्प्यावर नावं लिहिता येतात.

खेळायचं काय, ऐकायचं काय?

चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की तो सरपटताना वाजतो. झाला अंधांचा चेंडू. अंधांच्या क्रिकेटमध्ये छर्रे भरलेला, वाजणारा चेंडू असतो आणि तो जमिनीलगत, खालून टाकतात. २०२५ मध्ये अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक भारतानं जिंकला, ही गोष्ट मुलीला नक्की सांगा.

ब्रेल बुद्धिबळात काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असतं आणि एका रंगाच्या सोंगट्यांच्या डोक्यावर टोक असतं. चिंचोके, सागरगोटे, झोका हे खेळ तर कोणताही बदल न करता खेळता येतात. फक्त भावंडांना एक नियम सांगा: जे चाललंय ते बोलत राहायचं.

दुपारच्या उन्हात ऐकणं आणि वाचणं. 'सुगम्य पुस्तकालय' ही २०१६ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन लायब्ररी आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांना ती मोफत आहे, फक्त नोंदणीसाठी दिव्यांगत्वाचा पुरावा लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आधीपासूनच असतं आणि ते मराठीतही बोलतं. कॉम्प्युटर असेल तर 'एनव्हीडीए' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ब्रेल वाचणाऱ्या मोठ्या मुलांनी 'स्पर्शज्ञान'चे अंक मिळवून वाचावेत. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक आहे.

गावातल्या सप्ताहात, भजनात मूल रमत असेल तर उत्तमच. पण 'आंधळं आहे, गाणंच शिकव' हा हिशोब नको. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. त्या मुंबईच्या कमला मेहता अंध शाळेत शिकल्या आणि पुढे यूपीएससी पास होऊन आयएएस झाल्या. आपल्या मुलाला काय आवडतं हे आधी त्यालाच विचारायला हवं.

एक दिवसाची सहल

अंध मुलासाठी सहल म्हणजे हाताला काहीतरी मिळालं पाहिजे. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांत दगडात कोरलेले हत्ती आहेत. पुस्तकातला हत्ती हाताला लागत नाही, हा लागतो. परळीच्या वैद्यनाथ मंदिरात ज्योतिर्लिंगाला स्पर्श करून दर्शन घेता येतं. आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड शहरात रेल्वे आली आहे. एखादा छोटा प्रवासही मुलाच्या कायम लक्षात राहील. दगड तापायच्या आत, म्हणजे सकाळीच जा.

एसटीच्या भाड्यात अंध प्रवाशांना ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेतही अंध प्रवासी आणि त्याच्या सोबत्याला बहुतेक वर्गांत तेवढीच सवलत मिळते. त्यासाठी आवश्यक ते कार्ड किंवा प्रमाणपत्र सोबत ठेवा.

जूनच्या आधी ही कागदं करून घ्या

हंगाम सुरू झाला की आई-बाप जिल्ह्याबाहेर असतात. त्यामुळे सरकारी कामं करायची खरी वेळही हीच.

१. यूडीआयडी कार्ड: 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात.

२. साधनं: केंद्राच्या 'एडिप' योजनेतून पांढरी काठी, ब्रेल साहित्य मिळतं. पालकांचं उत्पन्न महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. शिबिरांची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा.

३. शाळा: ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क २०१६ च्या कायद्यानं दिला आहे. मूल गावातल्याच शाळेत असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात जा. तिथं समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांना भेटा आणि ब्रेल किंवा मोठ्या अक्षरातल्या पाठ्यपुस्तकांची मागणी आत्ताच नोंदवा.

४. ग्रामपंचायत: स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. १ मेच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: यंदाचे पैसे कशावर खर्च झाले?

आणि शेवटी

सगळं एकाच सुट्टीत होणार नाही. मुलाशी बोलून तीनच गोष्टी ठरवा. उदाहरणार्थ, स्वतःचं ताट वाढून घेणं, दुकानात एकट्यानं जाऊन येणं आणि आईला ब्रेलची दहा अक्षरं शिकवणं. शाळेत परत सोडताना या तीन गोष्टी त्याच्या शिक्षकांना सांगा, म्हणजे तिथं त्यापुढचं शिकवता येईल.