एकान्तवास : कशासाठीं व कसा?

शाळा सोडून चारपांच वर्षें झालेले आमचे माजी विद्यार्थी नाताळच्या सुट्टींत भेटावयास येतात. पूर्वीं त्यांचें बोलणें नोकरी, घर, लग्न यांविषयीं असे. अलीकडे मात्र निरोप घेतांना दारांत उभा राहून त्यांतील एखादा हळूच म्हणतो, “सर, काम आहे, पगारहि आहे, पण आपण कशासाठीं जगतों तेंच समजत नाहीं.” हा प्रश्न आम्हीं इतक्या वेळां ऐकिला आहे कीं, त्याविषयीं, व त्यावर ख्रिस्ती मंडळींत जो एक जुना उपाय आहे त्याविषयीं, चार शब्द लिहिणें आम्हांस आवश्यक वाटतें. विद्यार्थ्यांप्रमाणें पालकांनींहि ते वाचावे, अशी आमची विनंति आहे.

हा प्रश्न या मुलांच्या मनांत कोठून आला, हें पाहण्यास फार दूर जावयास नको. २०२० सालच्या मार्चमध्यें दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा उरला असतां परीक्षा थांबली, तो पेपर कायमचा रद्द झाला, आणि २५ मार्चपासून सर्व देश घरांत बसला. २०२१ सालीं तर दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा झाल्याच नाहींत. आपल्या रायगड जिल्ह्यावर याच काळांत दुसरेंहि संकट आलें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलें व घरांचीं छपरें, नारळी-पोफळीच्या बागा उध्वस्त करून गेलें. ज्या वयांत मनुष्यानें सोबत्यांत मिसळून आपली वाट शोधावयाची, त्या वयांत हीं मुलें मोबाईलच्या लहानशा पडद्यासमोर बसलीं होतीं. कित्येकांनीं घरचीं माणसें गमाविलीं व त्यांचा धड निरोपहि त्यांस घेतां आला नाहीं. पुढें शाळा उघडल्या, कारखाने सुरू झाले. परंतु जें मनांत दाबून ठेविलें होतें, तें आपोआप गेलें नाहीं.

अशा वेळीं कांहीं दिवस एकान्तांत घालविण्याची ख्रिस्ती मंडळींत रीत आहे. इंग्रजींत तिला ‘रिट्रीट’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ माघार घेणें असा आहे, म्हणून कोणास ती भित्रेपणाची गोष्ट वाटेल. परंतु पाण्यास गेलेला मनुष्य घर सोडून पळाला, असें आपण म्हणत नाहीं. घागर भरून तो परत येणारच असतो. आम्हांस ‘एकान्तवास’ हा शब्द बरा वाटतो. एकान्तवास म्हणजे सहल नव्हे, कारण तेथें करमणुकीचा बेत नसतो. ती व्याख्यानमाला नव्हे, कारण तेथें बोलण्यापेक्षां ऐकण्यास अधिक वेळ दिलेला असतो. आणि तो संन्यासहि नव्हे, कारण तो ठरलेल्या दिवशीं संपतो व प्रत्येकास आपल्या घरीं, आपल्या कामावर परत जावें लागतें.

या रीतीचें मूळ पवित्र शास्त्रांत आहे. एलीया संदेष्टा जिवास कंटाळून रानांत पळाला, तेव्हां देवानें प्रथम त्यास झोंप व अन्न दिलें. बोलणें त्यानंतर झालें. होरेब डोंगरावर वारा, भूकंप व अग्नि हे सर्व होऊन गेल्यावर एक अगदीं मंद स्वर त्याच्या कानीं आला, आणि त्या स्वरानें त्यास पुन्हां कामावरच पाठविलें. प्रभु येशूनें आपल्या सेवेच्या आरंभीं चाळीस दिवस अरण्यांत काढिले. पुढेंहि पहाटेच्या अंधारांत एकटा निघून जाऊन तो प्रार्थना करीत असे. आपल्या देशासहि ही गोष्ट परकी नाहीं. बौद्ध भिक्षु पावसाळ्यांत फिरणें बंद ठेवून एका जागीं राहात. त्यास वर्षावास म्हणत. आपल्याच जिल्ह्यांत कुडा येथें व महाडजवळ गांधारपाले येथें जीं बौद्ध लेणीं आहेत, त्यांतील लहान लहान कोठड्या अशाच भिक्षूंच्या निवासाकरितां खोदलेल्या आहेत.

युरोपांत एकान्तवासास नीट शिस्त लावणारा पुरुष इग्नेशियस लोयोला हा होय. तो मूळचा शिपाईगडी. १५२१ सालीं स्पेनमधील पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानें शूरांच्या कथा वाचावयास मागितल्या. त्या घरांत नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचें व संतांचें चरित्र त्याच्या हातीं देण्यांत आलें. तेव्हां एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. दरबारांतील मानमरातबाचीं स्वप्नें पाहतांना त्यास सुख होई, परंतु तीं सरल्यावर मन कोरडें पडे. संतांसारखें जगावें असा विचार आला म्हणजे तो विचार गेल्यावरहि मन शांत राही. पुढें मान्रेसा गांवीं त्यानें कांहीं महिने एकान्तांत घालविले व स्वानुभवावरून ध्यानाचा एक क्रम लिहून काढिला. तें पुस्तक १५४८ सालीं पोपच्या मान्यतेनें छापलें गेलें. तो संपूर्ण क्रम सुमारें तीस दिवसांचा असून त्याचे चार भाग आहेत. कामकरी माणसांकरितां तो आठ किंवा तीन दिवसांत आटोपशीरपणें घेतात. रोमन कॅथॉलिक मंडळींत ही पद्धति विशेष रूढ असली, तरी आम्हां प्रॉटेस्टंटांसहि तीपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. एखादा विचार येतांना गोड वाटला एवढ्यावर विसंबूं नये, तो गेल्यावर मनांत काय उरतें तें पाहावें, ही तिची शिकवण प्रत्येक तरुणानें लक्षांत ठेवावी.

महाराष्ट्रांत या कल्पनेस देशी रूप देणारांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रेसर होते. कोंकणांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेल्या या कवीनें १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. अनेक वर्षें मिशनांत काम केल्यावर १९१७ सालीं, पंचावन्नाव्या वर्षीं, ती चाकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त त्यांत एकत्र यावेत, हा त्यांचा हेतु होता. मे १९१९ मध्यें टिळक निवर्तले व तें काम अपुरें राहिलें. टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहिणारे मिशनरी जॅक विन्स्लो यांनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. पुढें पुण्यास शिवाजीनगरांत त्याचा आश्रम उभा राहिला. भारतीय व इंग्रज तरुण तेथें एका छपराखालीं राहात, खादी वापरीत, आणि प्रार्थना, अभ्यास व सेवा यांत दिवस घालवीत. पहिलें महायुद्ध व १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांस तेव्हां फार वर्षें लोटलीं नव्हतीं. आजच्या तरुणांप्रमाणें तेहि मोडलेल्या काळांत वाढले होते.

त्या आश्रमांत १९२७ सालीं व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण पदवीधर आला व शामराव हिवाळे या मराठी तरुणाशीं त्याचा स्नेह जडला. १९३२ सालीं ते दोघे तेव्हांच्या मंडला जिल्ह्यांतील करंजिया या गोंडांच्या खेड्यांत जाऊन राहिले. तेथें त्यांनीं शाळा व दवाखाना चालविला आणि महारोग्यांची सेवा केली. पुढें एल्विन यांनीं चर्चशीं असलेला संबंध तोडिला. त्यांचीं सर्व मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. परंतु यांत एक सत्य आहे, तें लपवूं नये: वडील मंडळींनीं आंखून दिलेल्या वाटेनेंच तरुण जाईल, अशी हमी एकान्तवास देत नाहीं. तो तयार उत्तर हातीं देत नसून उत्तर ऐकूं यावें इतकी शांतता देतो. पुण्याचा तो आश्रम १९७२ सालीं अँग्लिकन व रोमन कॅथॉलिक भगिनींनीं मिळून पुन्हां सुरू केला, ही आनंदाची गोष्ट होय.

आतां आमचा लहानसा अनुभव सांगतों. गेल्या थंडींत आम्हीं अकरा माजी विद्यार्थी व विद्यार्थिनी यांस घेऊन पेण तालुक्यांतील हमरापूरच्या परिसरांत तीन दिवसांचा एकान्तवास केला. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर, पेणच्या अलीकडे, हमरापूर स्टेशन आहे. राहण्यास एक साधें घर भाड्यानें घेतलें होतें. गेल्याबरोबर सर्वांचे मोबाईल एका पेटींत ठेविले. घरून तांतडीचा निरोप आला तर यावा म्हणून आमचा एक तेवढा चालू होता. रात्रीच्या प्रार्थनेपासून दुसऱ्या दिवशींच्या जेवणापर्यंत मौन. सकाळीं शुभवर्तमानांतील एक लहानसा उतारा वाचावयाचा, मग प्रत्येकानें एकट्यानें शेताच्या बांधानें फिरावें किंवा झाडाखालीं बसावें, व जें मनांत येईल तें वहींत लिहावें. ती वही कोणास दाखविण्याची सक्ति नाहीं. पाणी भरणें, भाजी चिरणें, अंगण झाडणें हीं कामें सर्वांनीं वांटून घेतलीं होतीं. दुपारनंतर ज्यास इच्छा असेल त्यानें आम्हांपाशीं येऊन बोलावें. पहिल्या दिवशीं मुलें फार अस्वस्थ होतीं. हात पुन्हां पुन्हां रिकाम्या खिशाकडे जात. कोणी सारखे झोंपले. एलीयाची गोष्ट आठवून आम्हीं त्यांस झोंपूं दिलें.

दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं आम्ही गांवांतील मूर्तिकारांचे कारखाने पाहावयास गेलों. हमरापूर, जोहे, कळवे हीं गांवें गणेशमूर्तींकरितां प्रसिद्ध आहेत. उत्सव भाद्रपदांत, परंतु काम बहुतेक वर्षभर चालतें. २०२० सालीं सार्वजनिक मूर्ति चार फुटांहून व घरगुती मूर्ति दोन फुटांहून उंच नसावी असा सरकारी नियम झाला, तेव्हां मोठ्या मूर्तींवर खर्चिलेली मेहनत कशी अडकून पडली, तें एका वयस्क कारागिरानें सांगितलें. मग त्यानें शाडूची ओली मूर्ति दाखविली. ती सावलींत सुकवावी लागते. कडक उन्हांत ठेविली तर वरून सुकते, आंत ओली राहते व तिला तडे जातात. आणि ओलेपणीं रंगहि धरत नाहीं. “इथं घाई केली तर सगळी मेहनत जाते, मास्तर,” असें तो म्हणाला. त्याचा धर्म निराळा व आमचा निराळा. परंतु परत येतांना यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरीं गेला होता ती कथा सर्वांस आठवली. हातांत बिघडलेलें मडकें कुंभारानें फेंकून दिलें नाहीं, त्याच मातीचें दुसरें घडविलें.

त्या रात्रीं एका तरुणानें तोंड उघडलें. २०२१ सालीं, तो बारावींत असतां, त्याचे वडील साथींत गेले. कॉलेजचा विचार सोडून त्यानें कारखान्यांत काम धरिलें. तो आम्हांस म्हणाला, “सर, बाबा गेले त्या आठवड्यांत तुम्हीं फोन केला होता. देवाची कांहीं योजना असेल, सर्व ठीक होईल, असें म्हणून तुम्हीं दोन मिनिटांत फोन ठेवला. त्या दिवसापासून मी प्रार्थना केली नाहीं.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागितली. त्या वर्षीं असे किती फोन आम्हीं केले असतील! ज्यास आम्ही धीर देणें समजत होतों, तें पुष्कळदां स्वतःची सुटका करून घेणें होतें. मुलांस एकान्ताची गरज आहे असें समजून आम्ही तेथें गेलों होतों. ती आम्हांसहि होती.

शेवटच्या सकाळीं प्रत्येकानें आठ दिवसांच्या आंत करावयाचें एक काम वहींत लिहावयाचें होतें. त्या तरुणानें एकच ओळ लिहिली: धाकट्या बहिणीस रोज अर्धा तास शिकवीन. जीवनाचा हेतु मोठ्या अक्षरांत लिहिलेला सांपडेल, या आशेनें तो आला होता. सांपडलें तें इतकेंच. महिन्यानें त्याचें पत्र आलें. शिकवणें चालू होतें, व बहिणीचें गणित पाहतां पाहतां स्वतः पुढें शिकावें असें त्यास वाटूं लागलें होतें. प्रार्थनेविषयीं त्यानें कांहीं लिहिलें नव्हतें, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

पालकांच्या मनांत शंका येतील. मुलगा घरदार सोडील काय? आमच्या अकरांपैकीं सर्वजण सोमवारीं कामावर हजर होते. तीन दिवस वायां गेले काय? याचें उत्तर परत आलेल्या मुलाच्या वागणुकींत शोधावें. आल्याबरोबर त्याची उलटतपासणी मात्र करूं नये. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकान्तवास हें औषध नव्हे. ज्यास झोंप व अन्न नकोसें झालें आहे किंवा जो जीव देण्याची भाषा बोलतो, त्यास एकटें बसवूं नये. त्यास प्रथम डॉक्टरांकडे न्यावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरांतील सर्वांस ठाऊक असावा.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस यासाठीं मोठें होईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. आठवड्यांतून एकदां अर्धा तास मोबाईल दूर ठेवून ओट्यावर किंवा मंदिराच्या पायरीवर स्वस्थ बसा. प्रथम कंटाळा येईल. मग जें टाळीत आलों तें आठवेल. त्यानंतर बहुधा एखादें अगदीं साधें कर्तव्य समोर उभें राहील. तें त्याच दिवशीं करा. आणि पालकहो, मूल असें गप्प बसलेलें दिसलें तर त्यास लगेच हांक मारूं नका.