रिलीजच्या दिवशी गेम मिळत का नाही? माल, दार आणि घड्याळ

ताज्या भागाचं हे लिखित रूप. ऑडिओमधले माझे 'अं', 'म्हणजे' आणि मागे वाजलेला कुकर काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

रॉकस्टारने जीटीए सिक्ससाठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "दादा, पहिल्या दिवशी मिळेल ना?" सांगलीच्या एका श्रोत्याने तर सरळ विचारलं, की कंपनीला तारीख आधी माहीत असते, गिऱ्हाईक किती येणार हेही साधारण माहीत असतं, मग दर वेळी हा गोंधळ का?

रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर तीन शब्दांत देता येतं: माल, दार आणि घड्याळ. यातलं नेमकं काय अडलंय हे कळलं की निम्मी चिडचिड कमी होते आणि पैसेही वाचतात. ओळीने बघू.

आधी थोडा इतिहास

'रिलीज डेट' हा सोहळा गेमच्या जगात कायम नव्हता. पूर्वी गेम छापून झाला की ट्रकमधून निघायचा आणि ज्या दुकानात ज्या दिवशी पोचेल त्या दिवशी विकला जायचा. सेगाने 'सॉनिक द हेजहॉग २'साठी अमेरिका आणि युरोपमध्ये एकच दिवस ठरवला, मंगळवार २४ नोव्हेंबर १९९२, आणि त्या तारखेचीच जाहिरात केली. एकाच दिवशी सगळ्या दुकानांत माल हजर, हे तेव्हा अप्रूप होतं.

गर्दी मात्र त्याही आधीची. जपानमध्ये १० फेब्रुवारी १९८८ला 'ड्रॅगन क्वेस्ट ३' आला. वार बुधवार, म्हणजे शाळेचा दिवस. पोरं शाळा बुडवून रांगेत उभी राहिली आणि पोलिसांनी शेकडो विद्यार्थ्यांना पकडलं. त्यावरून पुढे अशी आवई उठली की जपानने हा गेम कामाच्या दिवशी विकायला कायद्याने बंदी घातली. असा कायदा कधीच झाला नाही. पण पुढचा भाग, 'ड्रॅगन क्वेस्ट ४', रविवारी आला, हे खरं.

थोडक्यात, एक तारीख ठरवली की सगळी मागणी त्या एका दिवसावर, खरं तर त्या एका तासावर येऊन आदळते. तारीख ही जाहिरात आहे आणि गर्दी हा त्या जाहिरातीचा हेतूच आहे.

पहिली अडचण: माल

डिस्कवाल्या गेमचं गणित असं असतं. गेम तयार झाला की सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेन्डो त्याची तपासणी करतात. पास झाला की मास्टर कॉपी छपाईला जाते, यालाच 'गेम गोल्ड झाला' म्हणतात. मग डिस्क छापायच्या, खोक्यात भरायच्या, देशोदेशी पाठवायच्या. आपल्याकडे त्या वितरकाकडे येतात आणि तिथून दुकानांत. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी अंदाज बांधतो की किती प्रती खपतील.

आता दुकानदाराच्या जागी बसून बघा. नव्या गेमची डिस्क चार-पाच हजारांची. सातारा, लातूर, जळगावच्या दुकानदाराने तीस प्रती मागवल्या आणि वीसच खपल्या, तर दहा प्रतींचे पैसे अडकले. त्यात काही महिन्यांनी सेल लागतो आणि किंमत घसरते. म्हणून तो शहाणपणाने जेवढी आगाऊ नोंदणी झाली तेवढाच माल मागवतो, फार तर वर दोन-चार. रिलीजच्या दिवशी तुम्ही जाऊन "आहे का?" विचारता तेव्हा काउंटरवरच्या डिस्क दिसत असूनही "नाही" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्या डिस्कवर आधीच कुणाचं तरी नाव असतं.

सोबत 'स्ट्रीट डेट' असते. माल दोन दिवस आधी आला तरी ठरलेल्या तारखेआधी विकायचा नाही, असा करार असतो. विकला तर पुढच्या वेळी माल उशिरा मिळण्याची भीती.

आपल्या देशाचा नंबरही कधी कधी मागे लागतो. प्लेस्टेशन ५ जगात १२ आणि १९ नोव्हेंबर २०२० अशा दोन टप्प्यांत आला. भारतात तो आला २ फेब्रुवारी २०२१ला. आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला दुपारी बाराला उघडली आणि काही मिनिटांत सगळीकडे 'आउट ऑफ स्टॉक'ची पाटी. महामारीमुळे जग घरात बसलेलं, चिपचा तुटवडा, आणि ४९,९९० रुपये घेऊन तयार असलेली गिऱ्हाइकं हातात आलेल्या मशिनांपेक्षा कितीतरी जास्त. इथे वेबसाइट कितीही झकास असती तरी बहुतेकांना नकारच मिळाला असता, कारण मुळात मालच नव्हता.

कुणी म्हणेल, डिस्कच्या मागे लागायचंच कशाला, डाउनलोड करा ना! दोन कारणं. डिस्क खेळून झाली की विकता येते किंवा मित्राशी बदलता येते. आपल्याकडे कितीतरी पोरं एका गेमचे पैसे काढून दुसरा घेतात, डिजिटल गेममध्ये तो मार्ग बंद. दुसरं कारण इंटरनेट. १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या लाइनवर, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, साधारण साडेचार तास घेतो. मोबाइल हॉटस्पॉटवर रोजच्या दोन जीबीत भागवणाऱ्याने हिशोब न केलेला बरा.

दुसरी अडचण: दार

ही माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण आठवा. सकाळी खिडकी उघडते आणि चहा गार व्हायच्या आत वेटिंग लिस्ट सुरू. गेमच्या दुकानाचं तसंच होतं. एरवी तासाला शंभर लोक येणाऱ्या साइटवर एका मिनिटात काही हजार येतात. पान उघडलं नाही की प्रत्येक जण रिफ्रेश करतो, म्हणजे प्रत्येक अडकलेला माणूस आणखी तीन-चार विनंत्या पाठवतो. सर्व्हर दमला म्हणून गर्दी वाढते, गर्दी वाढली म्हणून सर्व्हर आणखी दमतो.

मग ते छळवादी दृश्य: पानावर 'उपलब्ध' दिसतं, 'बाय नाऊ' दाबलं की 'संपलं'. याचं कारण कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली प्रत. गर्दीत प्रत्येकाला डेटाबेसमधून ताजा आकडा द्यायचा तर डेटाबेस झोपेल. म्हणून काही सेकंद जुनं पान सगळ्यांना दाखवतात. तुम्ही बघता तो आकडा शिळा असतो.

तिसरी गंमत कार्टची. सिनेमाचं तिकीट काढताना निवडलेली सीट काही मिनिटं आपल्यासाठी अडवून ठेवतात. पण बऱ्याच ऑनलाइन दुकानांत कार्टमध्ये टाकलेली वस्तू आपली नसतेच, ती पैसे भरल्यावर आपली होते. शंभर जणांच्या कार्टमध्ये त्याच दहा प्रती असू शकतात. मग ज्याचा ओटीपी आधी आला तो जिंकला. मला एका दुकानाने पैसे कापून घेतल्यावर, ऑर्डर नंबर दिल्यावर, दुसऱ्या दिवशी "क्षमस्व, स्टॉक नाही" असा मेल पाठवला होता. पैसे परत यायला सहा दिवस लागले, तोवर गेम सगळीकडून गायब. यामागे सहसा असं असतं: दोन ऑर्डरनी एकाच क्षणी आकडा वाचला, दोघांनाही 'एक शिल्लक' दिसली आणि दोघांनाही ती विकली गेली. आमच्या भाषेत याला रेस कंडिशन म्हणतात. आकडा वाचणं आणि कमी करणं ही एकच न तुटणारी क्रिया केली की ही अडचण टळते. ते जमणारं आहे, फक्त कुणीतरी आधी बसून करायला हवं.

आणि माल अमर्याद असला तरी दार तुंबतंच, याचा पुरावा म्हणजे 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. ४ सप्टेंबर २०२५, आपली संध्याकाळची साडेसातची वेळ. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या छोट्या गटाचा गेम, २०१९ला जाहीर झालेला, लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसलेले. आगाऊ खरेदी नव्हती, आधी डाउनलोडही नव्हतं. म्हणजे जगभरच्या सगळ्यांनी 'खरेदी' हे बटण एकाच मिनिटाला दाबलं. स्टीम आणि निन्टेन्डोसकट मोठमोठी डिजिटल दुकानं अडखळली. डिजिटल प्रत कधी संपत नाही, पण खिडकीवर एकाच वेळी किती माणसं उभी राहू शकतात याला मर्यादा असते.

या दारात बॉटही उभे असतात. बॉट म्हणजे माणसाऐवजी बटण दाबणारा प्रोग्रॅम, आणि तो ओटीपी शोधत फोन चाचपत बसत नाही. अमेरिकेने २०१६ला बॉटविरोधी कायदा केला, पण तो कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता. गेम आणि कन्सोल त्यात येत नाहीत.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे सोडत. 'पहिला येईल त्याला' हा नियम न्याय्य वाटतो, पण त्यात जिंकतो वेगवान इंटरनेटवाला किंवा बॉट. निन्टेन्डोने स्विच २साठी जपानमध्ये आपल्या ऑनलाइन दुकानात सोडत ठेवली. अट अशी की आधीच्या स्विचवर किमान ५० तास खेळलेलं हवं आणि ऑनलाइन सदस्यत्व एकूण वर्षभराचं हवं. साधारण २२ लाख अर्ज आले आणि अनेकांच्या हाती काहीच लागलं नाही. पण निदान रात्रभर रिफ्रेश दाबत बसायची शिक्षा कुणाला झाली नाही, आणि पन्नास तास खेळलेला बॉट सापडणं अवघड.

तिसरी अडचण: घड्याळ

गेम मिळाला, आता खेळता यायला हवा. पीसीवर बरेचसे गेम जगभर एकाच क्षणी उघडतात. अमेरिकेतल्या सोयीची वेळ आपल्याकडे कधी संध्याकाळ, कधी पहाटे अडीच. कन्सोलवर बऱ्याचदा स्थानिक मध्यरात्री उघडतात. त्यामुळे 'आज रिलीज' वाचून सकाळपासून शोधत बसलेल्या माणसाला गेम सापडत नाही, कारण तो अजून उघडलेलाच नसतो.

आधी डाउनलोड करून ठेवलेल्या फायली कुलूपबंद असतात. वेळ झाली की किल्ली मिळते आणि संगणक एकेक फाइल उघडत बसतो. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम चांगलाच वेळ खातं. आणि किल्ली देणारा सर्व्हरच कोलमडला तर? 'हाफ-लाइफ २'च्या वेळी, १६ नोव्हेंबर २००४ला, हातात डिस्क असलेले लोकही स्टीमच्या पडताळणीसाठी ताटकळले. 'डायब्लो ३'च्या वेळी, मे २०१२मध्ये, 'एरर ३७' हा शब्द जगभर शिवीसारखा वापरला गेला.

शिवाय डिस्कवर असतो तो गोल्ड झालेल्या दिवसाचा गेम. पुढच्या काही आठवड्यांतल्या दुरुस्त्या पहिल्या दिवशीच्या पॅचमधून येतात. घाईचं फळ कधी कडूही निघतं. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२०ला आला आणि जुन्या कन्सोलवर इतका मोडका चालला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून परतावा द्यायला सुरुवात केली. पुन्हा विक्रीला आला तो जून २०२१ला.

खरा तोटा कुणाचा?

इथवरची चिडचिड फार तर एका संध्याकाळची. पण कोल्हापूरचा माझा मावसभाऊ २०२१मध्ये पहिल्या नोकरीचे पैसे साठवून प्लेस्टेशन शोधत होता. दुकानांत नाही, साइटवर नाही. एका मेसेजिंग ग्रुपवर कुणीतरी "स्टॉक आहे, दहा हजार ॲडव्हान्स" म्हणाला. खोक्याचा फोटो, बिलाचा फोटो, सगळं व्यवस्थित. यूपीआय केलं आणि पाच मिनिटांत समोरच्याने ब्लॉक केलं. मावशीला त्याने महिनाभर सांगितलं नाही. तुटवडा असला की माणूस घायकुतीला येतो, आणि भामटे नेमकी तीच वेळ साधतात.

म्हणून हे लक्षात ठेवा:

• डिस्क हवी असेल तर आगाऊ नोंदणी ओळखीच्या दुकानात करा आणि पावती घ्या. छोट्या शहरात तुमच्या नोंदणीवरच माल मागवला जातो.

• ऑनलाइन घेताना लॉगिन, पत्ता आणि पैसे भरायची सोय आदल्या रात्री तपासा. दार उघडल्यावर पत्ता टाइप करत बसू नका.

• उघडण्याची वेळ भारतीय वेळेत मांडून ठेवा आणि डिस्कमध्ये जागा मोकळी ठेवा.

• छापील एमआरपीपेक्षा जास्त पैसे दुकानदार मागू शकत नाही. मागितले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

• अनोळखी माणसाला ॲडव्हान्स देऊ नका. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० लावा. पहिल्या काही तासांत तक्रार केली तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि शेवटचा, फुकटचा सल्ला: गेम दोन आठवड्यांनीही तोच असतो, उलट पॅच येऊन बरा झालेला असतो. फक्त तोवर यूट्यूबवर कुणी शेवट फोडू नये एवढी काळजी घ्या.

पुढच्या भागात सेकंडहँड डिस्क घेताना काय बघायचं ते बोलू. तुमच्या गावात गेमचं भरवशाचं दुकान असेल तर कळवा, मला खरंच यादी करायचीय. चला, भेटू!