कासवाचं अंगण – लेखांक ४ : वरून काय पडतं?

बीळ झालं, भिंत झाली. आता झाडं.

ज्यांच्या हाती ही लेखमाला मधूनच लागली, त्यांच्यासाठी थोडक्यात: हे अंगण अमेरिकेतल्या ॲरिझोनातलं आहे, फिनिक्सजवळ राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीचं. तिथलं सोनोरन वाळवंटातलं कासव रानातून उचलून आणायला कायद्याने मनाई आहे. पण माणसाच्या हातात वाढलेली, पुन्हा रानात सोडता न येणारी कासवं राज्याचं वन्यजीव खातं दत्तक देतं, तेही अंगणाची तयारी पाहून. आपल्याकडे स्टार कासव घरी ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कुणी बाजारात चौकशीला जाऊ नये.

फिनिक्सचा पारा उन्हाळ्यात ४३ अंशांच्या पुढे सहज जातो, त्यामुळे झाड म्हटलं की माणूस आधी सावलीचा विचार करतो. कासवाला सावली हवीच, पण त्याचं तोंड जमिनीपासून दोन बोटांवर. त्याच्या दृष्टीने झाड म्हणजे वरून खाली पडणारी पानं, फुलं, शेंगा आणि फळं. म्हणून मी नर्सरीत विचारते तो प्रश्न एकच: याचं वर्षभरात खाली काय काय पडतं?

त्या कसोटीला मेस्किट उतरतं. आपल्याकडे रानोमाळ माजलेल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं हे झाड, तिथे मात्र घरचं. हिरव्या सालीचं पालो व्हर्डेही चालतं. या कासवांच्या पिढ्यान्‌पिढ्या असल्याच झाडांखाली गेल्या आहेत. दोघांची सावली विरळ, म्हणून जोडीला तुती. तिची पानं कासव आवडीने खातं. फक्त फळ न धरणारी नर तुती घेऊ नये. तिच्या परागांनी माणसं इतकी शिंकली की टुसॉनच्या परिसरात तिच्या विक्रीवर बंदी आली.

आता कण्हेर. फिनिक्समध्ये ती कुंपणाला हटकून असते. पाणी कमी लागतं, ऊन सोसते, भिंतीसारखी दाट वाढते. तिच्या पानाफुलांत हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं आणि पान वाळलं तरी ते जात नाही. बहिणीने स्वतः कण्हेर लावली नव्हती. ती शेजाऱ्याची होती. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे धुळीची वादळं उठतात. अशाच एका वादळानंतर सकाळी तिला कासवाच्या बिळाच्या तोंडाशी लांबट वाळकी पानं पडलेली दिसली. शेजाऱ्याला झाड तोडा म्हणणं जमेना. शेवटी तिने कासवाचं कुंपणच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. तरी वारा सुटला की पहाटे खराटा घेऊन बाहेर पडतेच.

बकाण लिंबाचंही तसंच. झटपट वाढतो, छान सावली देतो, पण त्याची पिवळी फळं मण्यांसारखी खाली सडा घालतात आणि ती विषारी असतात. घाणेरी, धोत्रा, पिवळी बिट्टी, शोभेचा सागो पाम यांनाही कुंपणाच्या आत जागा नाही.

खायला काय लावायचं, हे मराठी घराला सांगणं सोपं आहे. तिथलं बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळीच. बहीण गणपतीला त्यातूनच दूर्वांच्या जुड्या बांधते आणि उरलेलं मैदान कासवाचं. जास्वंदीचं फूल तर त्याला लांबूनच दिसतं, पानंही खातं. म्हणजे गणपतीचं चालतं असं म्हणावं, तर पत्रीच्या एकवीस पानांत कण्हेर, रुई, धोत्रा येतातच! तेव्हा नियम दूर्वा-जास्वंदीपुरताच धरावा. पत्रीतलं बाकीचं हलाहल पचवणाऱ्याच्या पिंडीवरच बरं.

फड्या निवडुंग लावाच. पान, फूल, लाल बोंड, सगळं खपतं. भेंडी-जास्वंदीच्याच कुळातलं नारिंगी फुलांचं ग्लोबमॅलो त्या वाळवंटातलंच. वसंतात ते फुलतं तेव्हा कासव थंडीच्या झोपेतून नुकतंच उठलेलं असतं. तुती-बोंडांपलीकडे गोड फळांची झाडं टाळावीत. या कासवाचं पोट चोथ्यावर चालतं, साखर त्याला मानवत नाही.

रोप सुरक्षित जातीचं असलं तरी नर्सरीतून आणल्या आणल्या आत लावू नका. काही कीटकनाशकं मुळांतून थेट पानांत चढतात. ती धुऊन जात नाहीत आणि महिनोन्‌महिने टिकतात. कुंडीच्या मातीतले पांढरे हलके खडेही कासव गिळतं. बहीण म्हणूनच हरळी आणि ग्लोबमॅलो बियांपासून करते. विकतची जास्वंद तिने वर्षभर कुंपणाबाहेर ठेवली होती. कासव रोज जाळीपाशी येऊन तिच्याकडे मान ताणून बसायचं.

पुढच्या आठवड्यात थंडीची झोप.