होडी खाडीत ठेवावी की घराजवळ ओढून घ्यावी?

मच्छीमार कुटुंबाचे खरे भांडवल म्हणजे त्याची होडी. शेतकरी ज्याप्रमाणे काम संपल्यावर बैलास गोठ्यात बांधतो, त्याप्रमाणे होडीच्या विसाव्याचाही विचार व्हावयास हवा. कांजूरमार्गास हा प्रश्न विशेष अवघड आहे. स्थानकाच्या पूर्वेस द्रुतगती महामार्ग, त्यापुढे मिठागरे, मग कांदळवन आणि शेवटी ठाण्याची खाडी, असा येथील क्रम आहे. होडी रोज घरी नेणे कष्टाचे. खाडीत ठेवावी तर ती नजरेआड राहते.

सतत खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या लाकडी होडीस दोन शत्रू असतात. पहिला, तळास चिकटणारे बार्नेकलसारखे कवचधारी जीव. त्यांच्यामुळे तळ खडबडीत होऊन वल्हविण्याचे श्रम व इंजिनाचे इंधन वाढते. दुसरा शत्रू अधिक घातक होय. हा शिंपल्याच्या वर्गातील, परंतु कृमीसारखा लांबट जीव बाल्यावस्थेत अतिसूक्ष्म छिद्रातून फळीत शिरतो आणि आतच वाढतो. फळी बाहेरून धड दिसते, आतून मात्र पोकळ झालेली असते. सन १७३१ मध्ये हॉलंडच्या समुद्रबांधांचे लाकडी खांब याच जीवाने पोखरल्याचे आढळले होते.

याउलट, होडी दीर्घकाळ उन्हात राहिल्यास लाकूड आकसते, सांधे उघडतात व पाण्यात उतरविताच ती गळू लागते. भार दोनच ठिकाणी पडल्यास तिचा आकारही बिघडतो. खाडीच्या मऊ चिखलात गाड्याची चाके रुततात, हेही ध्यानात ठेवावे.

यावर भरती-ओहोटीचे साहाय्य घेणे हितावह आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या भरतीस, ते तितके चढत नाही. उधाणाच्या भरतीत होडी तरंगत वरच्या काठास नेऊन टेकविल्यास ओढण्याचे श्रम वाचतात. तेथे तळ घासावा, छिद्रे तपासावीत, लाकूड सुकल्यावर संरक्षक लेप द्यावा. मात्र अगदी वर ठेवलेली होडी पुढील उधाणापर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा दिवस, तरंगणार नाही. म्हणून तिथी आधी मोजावी. फळीत शिरलेला जीव छिद्राचे तोंड मिटून काही काळ तग धरतो. त्यामुळे दोन-चार दिवसांच्या वाळवणीवर विसंबू नये.

होडी वर आणण्याच्या वाटेसाठी तिवरे तोडू नयेत. तशी तोड कायद्याने निषिद्ध आहे. शिवाय ठाणे खाडीस सन २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

सारांश, जी होडी रोज पाण्यात जाते ती खाडीत भक्कम खुंटास बांधावी आणि ठरावीक उधाणास वर घेऊन तपासावी. क्वचित वापरली जाणारी हलकी होडी, वाट टणक व माणसे पुरेशी असल्यास, घराजवळ सावलीत ठेवावी. पावसाळ्यात न वापरली जाणारी होडी नीट टेकू देऊन शाकारावी. फायबरच्या होडीस पोखरणाऱ्या जीवाचे भय नाही, परंतु तिचाही तळ घासावाच लागतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी होडीमालकासमवेत बसून वापराचे दिवस, ओढण्यास लागणारी माणसे व वार्षिक दुरुस्तीखर्च यांचा हिशेब मांडावा. निर्णय त्या हिशेबावरूनच घ्यावा.