अहिल्यानगर शहराचा पाणीपुरवठा : खापरी नळ ते मुळा धरण

प्रस्तावना :
रस्ते, कचरा, दिवाबत्ती आणि पाणी हे कोणत्याही शहराच्या स्थानिक वार्तांचे नित्याचे विषय होत. अहमदनगर, म्हणजेच २०२४ पासूनचे अहिल्यानगर, या शहरात 'पंपिंग केंद्राचा वीजपुरवठा खंडित झाल्याने पाणी उशिरा येईल' ही सूचना नागरिकांच्या चांगल्याच परिचयाची आहे. वीज शहराबाहेर दूरवर जाते आणि नळ मात्र शहरात कोरडा पडतो, असे का घडते? याचे उत्तर शहराच्या भूगोलात व इतिहासात दडलेले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सीना नदीच्या परिसरात हे शहर वसविले. सीना ही बारमाही वाहणारी नदी नव्हे. त्यामुळे निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, शेंडी, भिंगार इत्यादी भोवतालच्या गावांच्या परिसरातून भाजलेल्या मातीच्या नळांनी पाणी शहरात आणण्यात आले. हेच 'खापरी नळ' होत. उगमस्थान उंचावर व शहर सखल भागात असल्याने पाणी केवळ उताराने वाहत येई. फराहबागेसारख्या वास्तूंच्या जलाशयांनाही अशाच व्यवस्थेतून पाणी मिळत असे. या व्यवस्थेस इंधन लागत नसे. मात्र नळांची देखभाल आणि पाणलोट क्षेत्राचे रक्षण आवश्यक होते.

आधुनिक व्यवस्था :
१८५४ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली व २००३ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. सावेडी, केडगाव ही उपनगरे वाढली. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेतीन लाखांवर पोहोचली. एवढ्या लोकसंख्येची गरज जुने स्रोत भागवू शकत नव्हते. आज शहराची मुख्य भिस्त राहुरी तालुक्यातील मुळा धरणावर आहे. २६ टीएमसी क्षमतेच्या या धरणातील पाणी मुळानगर व विळद येथील पंपिंग केंद्रांच्या साहाय्याने वसंत टेकडीवरील साठवण टाक्यांपर्यंत आणले जाते.

येथे दोन बाबी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, तर मुळा जलाशय त्याहून बराच खाली आहे. म्हणजे प्रत्येक थेंब विजेच्या बळावर वर चढवावा लागतो. दुसरी, मुळा नदी प्रवरेमार्गे गोदावरीस मिळते, तर सीना भीमेमार्गे कृष्णेच्या खोऱ्यात जाते. अर्थात, कृष्णा खोऱ्यातील हे शहर गोदावरी खोऱ्यातील पाण्यावर जगते. त्याच धरणावर शेतीच्या सिंचनाचा हक्क असून टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा प्रश्नही उद्भवतो.

समस्येचे सामाजिक स्वरूप :
पंप काही तास बंद राहिले, तरी साठवण टाक्या भरत नाहीत व वितरणाचे वेळापत्रक पुढे ढकलले जाते. याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्यांच्या घरी मोठी टाकी आहे, त्यांना एका दिवसाचा खंड जाणवत नाही. हंडे व पिंपांवर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा मात्र दिवसच विस्कळीत होतो. पाणी भरण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असल्याने पाण्याच्या अनिश्चित वेळेचा फटका त्यांच्या रोजगारास व विश्रांतीस बसतो. त्यातच नळाला थेट विद्युत मोटार लावल्यास वाहिनीतील दाब घटतो आणि शेवटच्या टोकाच्या घरांना पाणी मिळत नाही. एका घराची सोय ही शेजारच्या घराची गैरसोय ठरते.

उपाययोजना :
पंपिंग केंद्रांना खात्रीशीर वीजपुरवठा, पुरेशी साठवण क्षमता, गळती शोधण्याची नियमित व्यवस्था आणि प्रभागनिहाय वेळापत्रकाची आगाऊ प्रसिद्धी हे उपाय परस्परपूरक आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. पाण्याच्या वेळा व दाब यांविषयीच्या तक्रारींची नोंद तेथे नियमितपणे झाल्यास विस्कळीत कुरबुरींना उपयुक्त माहितीचे रूप येईल.

निष्कर्ष :
खापरी नळांची व्यवस्था आजच्या लोकसंख्येस पुरणारी नाही. तथापि, पाणी कोठून येते व ते कशाच्या बळावर येते, याचे भान त्या व्यवस्थेने राखले होते. आजच्या नागरिकाला नळापलीकडचा हा मार्ग ज्ञात झाला, तरच पाण्याची मागणी करताना ती नेमकी कोणाकडे व कशासाठी करावयाची, हे त्याला ठरविता येईल.