गाडीला पुढे कोण ढकलते?

'घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेने कार्य करते' हे वाक्य शाळेत पाठ होते आणि पुढे महाविद्यालयातही सुटत नाही. चढावर जाणाऱ्या बसचे चित्र काढून तिच्या मागच्या चाकाखाली घर्षणाचा बाण दाखवायला सांगा. बहुतेक विद्यार्थी तो मागे तोंड करून काढतात. त्या चित्रातली बस चढ चढूच शकणार नाही. इंजिन, गिअर, कणा सगळे बसच्या पोटातच असते, आणि आतल्या एका भागाने दुसऱ्याला कितीही रेटले तरी अख्खी बस पुढे सरकत नाही. ढकलणारा बाहेरचाच हवा. बाहेर काय आहे? हवा, ती अडवते. पृथ्वीचे आकर्षण, ते चढावर मागे खेचते. उरला रस्ता.

पाठ्यपुस्तकातले वाक्य थोडे दुरुस्त केले की कोडे सुटते. घर्षण विरोध करते ते एकमेकांना चिकटलेल्या पृष्ठभागांच्या घसरण्याला. इंजिनाच्या पिळाने, म्हणजे टॉर्कने, मागचे चाक फिरू लागते तेव्हा टायरचा जमिनीला टेकलेला भाग मागे घसरू पाहतो. रस्ता त्याला घसरू देत नाही, म्हणून रस्त्याचे घर्षण पुढच्या दिशेने लागते. टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून हे स्थितिक घर्षण आहे. ते बल देते, पण कार्य करत नाही. ऊर्जा येते डिझेलमधूनच.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. टेबलावर सात-आठ गोल पेन्सिली शेजारी शेजारी ठेवून त्यांवर पुठ्ठा ठेवावा आणि पुठ्ठ्यावर चावीची मोटार सोडावी. मोटार पुढे धावते, पुठ्ठा मागे पळतो. मोटार पुठ्ठ्याला मागे रेटते, पुठ्ठा मोटारीला पुढे. न्यूटनचा तिसरा नियम याहून स्वस्तात दाखवता येईल असे आम्हाला वाटत नाही.

बैलगाडीचे गणित याच्या उलट. तिच्या चाकाला कोणी पीळ देत नाही; जू ओढले जाते, गाडी पुढे येते आणि चाकाची लोखंडी धाव पुढे घसरू पाहते. तिच्यावरचे घर्षण मागे लागते आणि चाकाला फिरवते. पुढे ढकलणारे घर्षण इथेही आहे, पण ते बैलांच्या खुरांखाली. सायकलवर बसून पायडल मारताना मागच्या चाकाचा बाण पुढे आणि पुढच्याचा मागे; उतरून सायकल हाताने ढकलली की दोन्ही बाण मागे. हा प्रश्न परीक्षेत जरूर विचारावा.

आता थोडे आकडे. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे. मलकापूरकडून, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातून वर येणाऱ्या बसला राजूर घाट चढावा लागतो. समजा, भरलेली बस १५ टनांची आणि चढ १५ मीटरला १ मीटर आहे. बसचे वजन सुमारे १,४७,००० न्यूटन, त्याचा पंधरावा हिस्सा ९,८०० न्यूटन. टायर दबून उठताना जो विरोध होतो त्याचे आणखी १,५०० धरू. एकूण ११,३०० न्यूटन. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर असेल, तर कण्यावर ५,६५० न्यूटन-मीटर पीळ हवा. इंजिन देते समजा ४००. तिसऱ्या गिअरमध्ये तो पीळ १४ पट होत असेल तर ५,६०० भरतो, त्यातही काही वाटेत वाया जातो. बस धापा टाकू लागते. दुसऱ्यात तो २४ पट होतो आणि काम निभावते, वेग मात्र घटतो. चालक गिअर बदलतो तो एवढ्यासाठीच.

पण पीळ ही फक्त मागणी झाली. ती पुरवायची की नाही ते रस्ता ठरवतो. मागच्या चाकांवर १० टन भार असेल, तर कोरड्या डांबरावर, घर्षण गुणांक ०.७ धरून, ६८,००० न्यूटनपर्यंत पुरवठा होऊ शकतो. त्यातले ११,३००च लागतात. पावसाने वाहून आलेली माती रस्त्यावर पसरून गुणांक ०.१ झाला, तर मर्यादा ९,८०० वर येते. मग इंजिन कितीही ताकदीचे असो, चाक जागीच फिरते. घसरू लागल्यावर स्थितिकच्या जागी गतिक घर्षण येते आणि ते आणखी कमी असते. म्हणून अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबणे म्हणजे उलटा उपाय.

खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात ट्रॅक्टरचे हेच होते. या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरून ती फुगते, निसरडी होते. टायरच्या खाचा तिने भरल्या की चाक गुळगुळीत झाल्यासारखेच. उपाय दोनच: भार वाढवणे किंवा गुणांक वाढवणे. मागच्या टायरात दीड-दोनशे लिटर पाणी भरतात ते भारासाठी. रुतलेल्या चाकाखाली पऱ्हाट्या किंवा मुरूम टाकतात ते गुणांकासाठी. एकच चाक चिखलात असेल तरी अडचण असतेच, कारण डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो आणि तो दुबळ्या चाकाला झेपेल तेवढाच. कोरड्यावरचे चाक त्यामुळे उगीच उभे राहते. डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबले की दोन्ही चाके जोडली जातात.

एक उपाय मात्र जिवावर बेततो: रुतलेल्या मागच्या चाकांना ओंडका बांधणे. ओंडका जमिनीत अडला की चाक फिरू शकत नाही. इंजिनाचा पीळ तर चालूच असतो, आणि चाक फिरत नसेल तर त्याच्या प्रतिक्रियेने ट्रॅक्टरचे धडच कण्याभोवती फिरते. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे चालकावर उलटतो; क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ओंडका न बांधता, चाकामागचा चिखल उकरून ट्रॅक्टर उलट्या गिअरमध्ये मागे घ्यावा. तेव्हा प्रतिक्रियेची दिशा पालटते आणि पुढची चाके जमिनीवर अधिकच दाबली जातात.